देवाची फुले, बागेची फुले

सारसबागेतली माझी सकाळची फेरी वाचकांना एव्हाना पाठ झाली असेल. या आठवड्यात मात्र ती अर्धवट टाकून, भांडून घरी आले.

भांडण फुलांवरून. एक गृहस्थ आकडी लावलेल्या काठीने जास्वंदीची फांदी वाकवून कळ्या ओरबाडत होते. पिशवीत ओले फडके, म्हणजे पूजेच्या वेळेपर्यंत कळ्या उमलतात. ‘‘काका, बाग सगळ्यांची आहे,’’ म्हटले तर म्हणाले, ‘‘अहो ताई, मी काय डोक्यात माळणार आहे? देवालाच वाहणार!’’ देवाचे नाव घेतले की समोरच्याने गप्प बसायचे, हे मला मान्य नाही.

नानासाहेब पेशव्यांनी इथेच, पर्वतीच्या पायथ्याशी, तळे करवले, त्यातल्या बेटावर सवाई माधवरावांच्या काळात, १७८४ साली, गणपती आला. तळे गेले, बाग आली. नाव अजून तळ्यातला गणपतीच. थंडीत पुणेकर त्याला स्वेटर-कानटोपी घालतात. इतकी माया असलेल्या देवाच्या दारात ही लूट चालते.

आणि शास्त्राच्याच गोष्टी करायच्या तर कळ्या देवाला चालत नाहीत. अपवाद कमळ आणि चाफ्याचा. भुईवर पडलेले फूल वाहू नये, पण पारिजातकाला ती मुभा आहे. म्हणजे ज्या झाडाखाली रोज पहाटे सडा पडतो, तिथे वाकून वेचायची सोय परंपरेनेच करून ठेवली आहे. आमची आजी झाडाला हात लावण्याआधी नमस्कार करायची आणि परडी भरली तरी झाडावर फुले राहतील एवढीच तोडायची.

झाडावर राहिलेले फूल वाया जात नाही. परवाच बघितले, वाचलेल्या एकुलत्या एका जास्वंदीवर शिंजीर आला. चिमणीहून लहान, निळा-जांभळा चकचकीत. देठाला उलटा लटकला, फुलाच्या बुडाशी बाकदार चोच खुपसून मध प्यायला आणि शेजारच्या फांदीवर गेला. तिथे नुसते खुडलेले देठ. जास्वंदीचे फूल बहुधा एकच दिवस टिकते. त्या दिवशी त्याच्यावर पाखराचाही हक्क आहे.

फुले हवीतच ना? मग जास्वंद लावा, तिच्याइतकी समजूतदार झाडे थोडी. पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर फांदी डोळ्याखाली तिरपी कापायची. खालची पाने काढून टाकायची आणि दोन डोळे मातीत जातील अशी कुंडीत खोचायची. कुंडीला खाली भोक हवेच. पाणी साचले की फांदी कुजते. नवी पालवी फुटेपर्यंत सावलीत ठेवा, उपटून मुळे बघू नका. नंतर भरपूर ऊन द्या. पांढरा मावा दिसला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढा. वर्षभरात गॅलरीतच देवापुरती फुले मिळतील.

माझ्याकडे लाल गावठी जास्वंद आहे. यंदाच्या छाटणीच्या फांद्या मी फेकणार नाही. ज्यांना हव्या असतील त्यांनी मला बागेत गाठावे आणि हक्काने मागाव्यात.