जैतापूरचा खोळंबा नेमका कुणामुळे?

कोल्हापुरात कारखानदारांच्या बैठकीत विजेचा विषय निघाला की जैतापूरचं नाव येतंच. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांच्या दृष्टीनं ते साहजिक आहे. इंडक्शन भट्टी चालवणाऱ्याच्या खर्चात विजेचा वाटा मोठा असतो. याच दरापायी २०१३ च्या सुमारास इथल्या उद्योजकांनी सीमेपलीकडे कर्नाटकात जाण्याची भाषा केली होती. त्यामुळे घाट उतरून खाली, सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत, दहा हजार मेगावॉटचा अणुवीज प्रकल्प कागदावर पडून आहे आणि सरकारी परवान्यांनी तो अडवून धरला आहे, असं कुणी म्हटलं की माना डोलतात. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं अणुऊर्जेसाठी नवा ‘शांती’ कायदा केल्यापासून तर हा सूर आणखी चढला आहे. आता खासगी कंपन्या येतील, परवाने झटपट मिळतील आणि जैतापूर मार्गी लागेल, असं सांगितलं जातं.

या समजुतीशी माझा वाद आहे. जैतापूर रखडलं हे खरं, पण सुरक्षेची तपासणी करणाऱ्यांनी ते रखडवलं हे खरं नाही. अणुभट्टीचं पहिलं काँक्रीट ओतायला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते आणि त्या टप्प्यापर्यंत हा प्रकल्प पोचलेलाच नाही.

जैतापूर प्रकल्पासाठी राजापूर तालुक्यातल्या माडबनच्या सड्याला केंद्रानं तत्त्वतः मंजुरी दिली २००५ मध्ये. २००८ मध्ये भारत-फ्रान्स अणुकरार झाला. फेब्रुवारी २००९ मध्ये भारतीय अणुऊर्जा महामंडळ आणि फ्रान्सची अरेवा कंपनी यांनी सामंजस्य करार केला. प्रत्येकी १६५० मेगावॉटच्या सहा ईपीआर अणुभट्ट्या बसवायच्या, म्हणजे एकूण ९९०० मेगावॉट. मे २०१० मध्ये पर्यावरण जनसुनावणी झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस जयराम रमेश यांच्या पर्यावरण मंत्रालयानं ३५ अटी घालून मंजुरी दिली आणि काही दिवसांतच फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी यांच्या भेटीत पुढचा करार झाला. एवढ्या प्रचंड प्रकल्पाची पर्यावरण मंजुरी जनसुनावणीनंतर सहा-सात महिन्यांत हातात पडली. याला दिरंगाई कसं म्हणायचं? उलट ती घाई होती, आणि पाहुण्यांच्या विमानाच्या वेळेशी जुळवलेली होती, असं माझं मत आहे.

खोळंबा सुरू झाला तो त्यानंतर, आणि त्याची कारणं आपल्या नियामक मंडळाच्या दारात सापडत नाहीत. मार्च २०११ मध्ये जपानमध्ये फुकुशिमाची अणुदुर्घटना झाली. एप्रिलमध्ये साखरी नाट्याला प्रकल्पविरोधी आंदोलनावर पोलिसांचा गोळीबार झाला आणि एक मच्छीमार तरुण जिवाला मुकला. पुढं अरेवाच दिवाळखोरीच्या काठावर आली आणि तिचा अणुभट्ट्यांचा व्यवसाय फ्रान्सच्याच ईडीएफ या सरकारी वीज कंपनीकडे गेला. २०१६ मध्ये नवा सामंजस्य करार, २०१८ मध्ये अध्यक्ष माक्रों यांच्या भेटीत आणखी एक, एप्रिल २०२१ मध्ये ईडीएफचा तांत्रिक-व्यापारी प्रस्ताव. त्यानंतर चर्चा चालूच आहे. विजेचा दर काय पडणार, भांडवल कोण घालणार आणि अपघात झालाच तर यंत्रं पुरवणाऱ्या कंपनीवर किती जबाबदारी, या तीन प्रश्नांवर गाडं अडून राहिलं. २०१० च्या दायित्व कायद्यानं पुरवठादाराकडूनही भरपाई मागायची वाट खुली ठेवली होती. परदेशी कंपन्यांना ती नको होती, आणि शांती कायद्यानं ती काढून टाकली. दरम्यान २०१० च्या पर्यावरण मंजुरीची मुदतसुद्धा २०२२ च्या अखेरीस संपून गेली. जी मंजुरी मिळवायला एवढी धावपळ केली, ती वापरायचीच वेळ आली नाही.

परवान्याच्या तपासणीत वेळ जातो, यात शंका नाही. भारतात अणुभट्टीला जागेची परवानगी, बांधकामाची परवानगी, भट्टी चालू करून पाहण्याची परवानगी आणि मग नियमित चालवण्याची परवानगी, अशा पायऱ्या चढाव्या लागतात. प्रत्येक पायरीवर तज्ज्ञ समित्या आराखड्याची हजारो पानं तपासतात, शंका काढतात, कंपनी उत्तर देते, पुन्हा शंका निघतात. बाहेरून पाहणाऱ्याला हा निव्वळ कागदी खेळ वाटतो. पण जैतापूरला जी ईपीआर भट्टी यायची आहे, तिच्याच इतिहासात या तपासणीनं काय काय हाती लागलं ते पाहावं.

फिनलंडमध्ये ओल्किलुओटो इथं पहिल्या ईपीआरचं काम २००५ मध्ये सुरू झालं. २००९ मध्ये वीज मिळायची होती. पायाच्या काँक्रीटमध्ये दोष निघाला, आणि उपकंत्राटदारांवर देखरेख कशी होते याचीच तिथल्या नियामकानं चौकशी केली. २००९ मध्ये ब्रिटन, फ्रान्स आणि फिनलंडच्या नियामकांनी मिळून जाहीरपणे सांगितलं की भट्टी रोज चालवणारी नियंत्रण यंत्रणा आणि संकटात ती बंद करणारी यंत्रणा एकमेकींपासून पुरेशा स्वतंत्र नाहीत, आराखडा सुधारा. कंपनीला तो सुधारावा लागला. ओल्किलुओटोतून नियमित वीज सुरू झाली एप्रिल २०२३ मध्ये.

फ्रान्समधल्या फ्लामनव्हिलची गोष्ट तर आपल्या शिरोलीच्या माणसाला कुठल्याही अभियंत्यापेक्षा लवकर कळेल, कारण ती पोलादातल्या कार्बनची आहे. अणुभट्टीचं मुख्य पात्र म्हणजे जाड पोलादाचा प्रचंड मोठा दंडगोल. त्याचा तळ आणि वरचं झाकण घुमटाच्या आकाराचे, घडाई करून बनवलेले. मोठा इंगट थंड होताना कार्बन सगळीकडे सारखा राहत नाही, ठराविक भागात जास्त साठतो. तो भाग नीट छाटून टाकला नाही तर तिथलं पोलाद ठिसूळ होतं आणि एखादी चीर पडलीच तर ती पसरायला त्याचा अटकाव कमी पडतो. फ्लामनव्हिलच्या घुमटांसाठी कार्बन जास्तीत जास्त ०.२२ टक्के अपेक्षित होता. त्याच पद्धतीनं बनवलेल्या दुसऱ्या घुमटातून नमुने काढून तपासले तेव्हा तो ०.३० टक्के निघाला. फ्रान्सच्या नियामकानं एप्रिल २०१५ मध्ये हे जाहीर केलं. तोवर पात्र भट्टीत बसवून वर्ष उलटून गेलं होतं! पुढं ज्या कारखान्यात घडाई झाली, त्या ल क्रेझोच्या जुन्या गुणवत्ता नोंदी उघडल्या, तर त्यांतही गैरप्रकार आढळले आणि चालू असलेल्या इतर भट्ट्यांचे भागही तपासावे लागले. शेवटी नियामकानं पात्र चालेल असं ठरवलं, पण झाकण पुढे बदलावंच लागेल अशी अट घातली. २००७ मध्ये सुरू झालेली ही भट्टी जाळ्याला जोडली गेली २१ डिसेंबर २०२४ रोजी. ३.३ अब्ज युरोचा अंदाज १३ अब्जांच्या पुढं गेला.

आपल्या फाउंड्रीत प्रत्येक हीटचा नमुना स्पेक्ट्रोवर तपासल्याशिवाय धातू साच्यात ओतत नाहीत. कार्बन वर-खाली निघाला तर आधी दुरुस्ती, मग ओतकाम. त्या काही मिनिटांना कुणी उत्पादनातली दिरंगाई म्हणत नाही. फ्लामनव्हिलचा खर्च वाढला तो नियामकानं कार्बन मोजला म्हणून नव्हे, तर कारखान्यानं तो वेळेवर मोजला नाही म्हणून. आणि हीच फ्लामनव्हिल जैतापूरसाठी संदर्भ-अणुभट्टी धरलेली आहे. माडबनला २०१२ मध्येच काँक्रीट ओतलं असतं, तर हे दोष आपल्या सड्यावर, आपल्या पैशानं शोधायची वेळ आली असती.

आपल्याकडेही उदाहरण आहे. तमिळनाडूतल्या कुडानकुलमचा पहिला संच रखडला म्हणून देशभर ओरड चालू होती. त्याच काळात, एप्रिल २०१३ मध्ये, नियामक मंडळानं सांगितलं की भट्टीच्या सुरक्षेशी संबंधित यंत्रणेतल्या चार झडपा चाचणीत कमी पडल्या. त्या सुधारून पुन्हा तपासण्यात आल्या. त्या उशिराबद्दल मी त्या मंडळाचा आभारी आहे.

आणि महाराष्ट्राला झटपट मंजुरीचा धडा वेगळा सांगायला नको. जून १९९२ मध्ये एन्रॉनचे अधिकारी आले आणि काही दिवसांतच दाभोळच्या प्रकल्पाचा सामंजस्य करार झाला. १९९९ मध्ये वीज सुरू झाली, २००१ मध्ये राज्य वीज मंडळाला ती घेणं परवडेना. त्याचा भार कुणी उचलला हे वीजबिल भरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. माडबनहून दाभोळ काही दूर नाही.

मग नियामक मंडळात सगळं आलबेल आहे का? मुळीच नाही, आणि माझी खरी तक्रार इथं आहे. १५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन झालेलं हे मंडळ अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी राहिलं, आणि आयोगाचे अध्यक्ष म्हणजे अणुऊर्जा खात्याचे सचिव. ज्या खात्याच्या भट्ट्या तपासायच्या, त्याच खात्याच्या छत्राखाली बसून तपासायच्या. १९९३ ते १९९६ या काळात मंडळाचे अध्यक्ष असलेले डॉ. ए. गोपालकृष्णन पदावरून उतरल्यावर हे उघडपणे सांगत राहिले. २०१२ मध्ये ‘कॅग’नं आपल्या अहवालात हेच लिहिलं आणि संसदेच्या लोकलेखा समितीनंही ते उचलून धरलं. सप्टेंबर २०११ मध्ये स्वतंत्र नियामकासाठी विधेयक लोकसभेत आलं आणि २०१४ मध्ये ती लोकसभा विसर्जित होताना रद्द झालं. नव्या कायद्यानं मंडळाला वैधानिक दर्जा दिला, ही चांगली गोष्ट आहे. पण नेमणुका सरकारच्याच हाती, आणि सरकारनंच २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुवीज उभी करायचं ध्येय ठेवलेलं. त्या ध्येयाची घाई मंडळाच्या टेबलावर पोचणार नाही याची हमी कायद्यात मला दिसत नाही. खासगी कंपन्या मैदानात येत असताना तर ती हमी आधीपेक्षा जास्त हवी.

मंडळानं उघडपणे तपासायला हवं असं काय आहे, तर भूकंपाचंच पाहा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयना हादरली, तेव्हा कोल्हापुरातलं घरन् घर जागं झालं होतं. जुनी माणसं ती रात्र अजून सांगतात. दख्खनचं पठार स्थिर मानलं जात होतं. ती समजूत त्या पहाटे मोडली. कोयनानगर आणि माडबन यांत सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरचं अंतर आहे. २०११ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये विनोद कुमार गौर आणि रॉजर बिल्हॅम या भूकंपशास्त्रज्ञांनी लिहिलं की या पट्ट्यातल्या नोंदींचा काळ तोकडा आहे, जैतापूरजवळ सहाच्या वरचा भूकंप होण्याची शक्यता कमी असली तरी नाकारता येत नाही. इतर शास्त्रज्ञांनी त्यांना उत्तरं दिली. कोण बरोबर हे मी ठरवू शकत नाही. पण ही चर्चा नियतकालिकाच्या पानांवर राहू नये. नियामकानं दोन्ही बाजू समोर बसवून, निष्कर्ष आणि त्याची कारणं लेखी जाहीर करावीत, एवढी अपेक्षा जास्त आहे का? अशा सुनावणीत दोन वर्षं गेली तरी ती कारणी लागतील.

जी वर्षं वाया गेली ती निराळी. माडबन, मिठगवाणे, निवेली, करेल या गावांची ९३८ हेक्टर जमीन २०१० पर्यंत सरकारजमा झाली. विरोध इतका होता की अनेकांनी मोबदल्याचे धनादेश घ्यायलाच नकार दिला. २०१३ मध्ये सरकारनं मोबदला हेक्टरी साडेबावीस लाखांपर्यंत वाढवला आणि बऱ्याच जणांनी तो घेतलाही. सातबारा बदलला. जमीन गेली तेव्हा जन्मलेली पोरं आता बारावीला पोचतील, आणि आपल्या गावाचं काय होणार हे त्यांना कुणीच सांगू शकत नाही. आंब्याची नवी कलमं लावावीत का, होडीसाठी कर्ज काढावं का, मुंबईला गेलेल्यानं परत येऊन घर बांधावं का, प्रत्येक निर्णय ‘प्रकल्प झाला तर’ या शब्दांवर लटकलेला. या टांगणीचा हिशेब उद्योजकांच्या बैठकीत कुणी मांडत नाही. दिरंगाईचा खरा फटका बसला असेल तर तो या लोकांना.

२०१० च्या जनसुनावणीत गावकऱ्यांची एक तक्रार होती. ‘नीरी’नं केलेला पर्यावरण अहवाल मराठीत सगळ्या गावांना वेळेवर मिळाला नाही. ज्यांच्या अंगणात भट्टी येणार, त्यांना तो अहवाल वाचताच येऊ नये! फिनलंडच्या कायद्यात ज्या नगरपालिकेच्या हद्दीत अणुभट्टी यायची, तिला नकाराधिकार आहे. ओल्किलुओटोच्या गावानं हो म्हटलं, म्हणून ती भट्टी उभी राहिली. आपल्या ग्रामपंचायतींच्या विरोधी ठरावांना एवढं वजन कधीच मिळालं नाही.

पर्यावरण मंजुरीची मुदत संपली आहे, हीच आता संधी आहे. जुन्या कागदावर नवी तारीख टाकून मुदतवाढ देऊ नये. नव्यानं अभ्यास करावा, तोही मराठीत आणि सुनावणीच्या किमान सहा महिने आधी गावोगाव पोचलेला असावा. सुनावणी राजापुरात व्हावी आणि नियामक मंडळाचे तज्ज्ञ तिथं स्वतः उत्तरं द्यायला बसावेत. दुसरीकडं केंद्र सरकारनं ईडीएफशी चाललेल्या वाटाघाटीला तारीख घालावी. प्रति युनिट दर किती पडतो ते जाहीर करावं, म्हणजे शिरोलीच्या फाउंड्रीवाल्यालाही कळेल की ही वीज त्याला परवडणार आहे की नाही. त्या तारखेपर्यंत करार झाला नाही, तर ९३८ हेक्टरचा सातबारा मूळ मालकांच्या नावावर परत करावा. ही जमीन १८९४ च्या जुन्या कायद्यानं घेतलेली असल्यानं त्यासाठी वेगळा शासन निर्णय लागला, तर राज्य सरकारनं तो काढावा. कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या आमदारांनी पक्ष बाजूला ठेवून विधानसभेत ही मागणी करायला काहीच हरकत नाही.