कारखाना बांधण्याआधी उन्हाचा हिशेब करा

सुताचा भाव आपण पैशापैशाने घासून घेतो. पण ज्या छपराखाली ते सूत विणले जाते ते छप्पर मात्र मिस्त्रीच्या भरवशावर सोडून देतो. जागा घेतली, चार भिंती उभ्या केल्या, वर पत्रे टाकले, की कारखाना सुरू. मग वर्षानुवर्षे दर महिन्याला वीजबिल हातात पडले की वीज कंपनीला शिव्या देत बसतो.

मीही यातून सुटलेलो नाही. २०१६ साली मी दुकान नव्याने बांधले. नकाशा काढणाऱ्याने सांगितले, पुढून पूर्ण काच लावा, गिऱ्हाईक आपोआप येईल. दुकानाचे तोंड पश्चिमेला आहे याचा विचार त्याने केला नाही आणि मीही विचारले नाही. दुपारी तीननंतर ऊन थेट गल्ल्यापर्यंत येऊ लागले. दोन एसी होते, तिसरा घ्यावा लागला. काचेजवळ मांडलेल्या तागांचा घडीवरचा रंग उडाला तो वेगळाच. तो माल कटपीसच्या भावात काढला. शेवटी आतून पडदे लावले. काचेचे पैसे दिले आणि ती झाकण्याचेही दिले! त्यातही पडदा आतून असल्याने गरमी आधीच आत आलेली असते. ऊन अडवायचे तर काचेच्या बाहेर अडवावे लागते, हे मला फार उशिरा समजले.

गोष्ट साधी आहे. दक्षिणेचे ऊन दुपारी वरून येते, त्याला छज्जा पुरतो. पश्चिमेचे ऊन तिरपे येते, त्याला छज्जा अडवू शकत नाही. म्हणून इमारतीच्या लांब बाजू उत्तर-दक्षिणेकडे ठेवाव्यात आणि पश्चिमेला खिडक्या कमीत कमी. नकाशा कागदावर असताना हे फिरवायला एक पैसा लागत नाही. पाया भरल्यावर मात्र काही करता येत नाही.

मुंबईच्या जुन्या कापड गिरण्यांची छपरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना आठवत असेल, ती करवतीच्या दातांसारखी असत. उतार एका बाजूला आणि उभी काच उत्तरेला. दिवसभर एकसारखा उजेड मिळे आणि ऊन मागावर पडत नसे. तेव्हा कॉम्प्युटर नव्हता, पण ऊन कुठून येते हे बांधणाऱ्याला ठाऊक होते. आपल्या भिवंडी-मालेगावच्या कारखान्यांत भरदुपारी ट्यूब जळत असतात.

आणि वर तापलेला पत्रा! एप्रिल-मेमध्ये त्याखाली कारीगर बारा-बारा तास उभा असतो. सुती ताण्याला हवेत थोडी ओल लागते. हवा गरम व कोरडी झाली की सूत तुटते, माग थांबतो. मजुरी मीटरवर असल्याने नुकसान आधी कारीगराचे होते, मग मालकाचे. पत्र्याला बाहेरून पांढरा, ऊन परतवणारा रंग द्यावा, आतून गरमी रोखणारा थर लावावा, छप्पर उंच ठेवावे, गरम हवा वरून निघून जाईल अशी जागा ठेवावी. तेलंगणा सरकारने तर अशा थंड छपरांसाठी २०२३ साली धोरणच जाहीर केले.

कोणी म्हणेल, हे मोठ्या कंपन्यांचे काम आहे. कायद्यापुरते ते खरे आहे. वीज वाचवणाऱ्या इमारतींचा केंद्राचा कोड २००७ साली आला, तो १०० किलोवॅट किंवा जास्त भाराच्या व्यापारी इमारतींसाठी. चोवीस मागांचा कारखाना वीस-पंचवीस किलोवॅटचा. आपल्याला कोणी विचारायला येणार नाही, म्हणूनच हिशेब आपणच करावा लागेल.

जुना छताचा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, नवा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. ४५ वॅटचा फरक. रोज बारा तास, वर्षाचे ३०० दिवस धरले तर एका पंख्यामागे १६२ युनिट वाचतात. दहा पंखे असतील तर १,६२० युनिट. आपल्या दराने गुणून पाहा. सोलरचे दलाल हल्ली रोज दारात येतात. सोलरला माझा विरोध नाही, पण आधी खप कमी करावा, मग पॅनल मोजावेत. नाहीतर वाया जाणाऱ्या विजेसाठीही पॅनल विकत घ्यावे लागतील.

अडचण आहे ती जागेची. आपले प्लॉट अरुंद, शेजारच्या भिंतीला भिंत लागलेली, दिशा निवडायला वाव नाही. माझा पुतण्या सध्या असाच एक कारखाना बांधतो आहे. पूर्व-पश्चिम दोन्ही बाजू बंद आहेत, तेव्हा उजेड वरूनच घ्यावा लागेल. छपराची काच उत्तरेकडे वळवायची तर लोखंडाचा खर्च वाढतो, असे मिस्त्री म्हणतो. किती वाढतो ते लिहून दे, असे मी त्याला सांगितले आहे. तो कागद आल्याशिवाय पत्रे चढणार नाहीत.