माळवद गेले, गारवाही गेला

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे स्वतःच्याच घराखाली गाडली गेली. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरील माळवदाचे ओझे हे त्या संहाराचे मुख्य कारण होते. तेव्हापासून माळवद लोकांच्या मनातून उतरले; सिमेंटचा स्लॅब सुरक्षिततेचे, पुढे प्रतिष्ठेचेही चिन्ह ठरला. ज्याने घर कोसळताना पाहिले, त्याला गारव्याची महती कोण सांगणार?

परंतु या घाईत एक विवेक सुटला. माळवद घातक ठरले ते त्याच्या वजनामुळे आणि भिंतींच्या सदोष बांधणीमुळे. त्याच्या गारव्यामागचे तत्त्व दोषी नव्हते. दिवसाचे ऊन जाड मातीत मुरून आत पोचेपर्यंत रात्र होई, आणि तोवर माणसे अंगणात वा माळवदावर निजलेली असत. आजचा चार-पाच इंचांचा उघडा स्लॅब दुपारभर तापतो आणि माणूस दमून घरी येतो त्याच वेळी ती धग खोलीत सोडतो.

नांदेड-लातुरात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पंखा तापलेली हवाच फिरवत राहतो. कूलरला पाणी हवे. आणि लातूरने २०१६ साली मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यायले आहे. वातानुकूलन यंत्र तर मोजक्यांनाच परवडते. शिवाय घर बांधणारा एक आणि विजेचे बिल भरणारा दुसरा, असाही प्रकार आहे. शिकवणीसाठी लातुरात आलेला विद्यार्थी वरच्या मजल्यावरील भाड्याच्या खोलीत उकडून निघतो. छतावर चार पैसे वाचवणाऱ्या मालकाला त्याची झळ लागत नाही. म्हणूनच हा प्रश्न केवळ घरमालकाच्या सुबुद्धीवर सोडून चालणार नाही.

केंद्राने व्यापारी इमारतींसाठी २००७ मध्ये ऊर्जा संवर्धन संहिता व निवासी इमारतींसाठी २०१८ मध्ये इको-निवास संहिता आणली. परंतु २०१८ ची ही निवासी संहिता ५०० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडांपुरती होती. वीस बाय तीस फुटांच्या भूखंडावर घर बांधणारा कारकून वा शिक्षक तिच्या कक्षेतच येत नाही. शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचे धोरण जाहीर केले. नांदेड जिल्ह्याची सीमा त्या राज्याला भिडलेली आहे. धडा घेण्यास दूर जावयास नको.

यासाठी फार मोठा खर्च लागतो असेही नाही. स्लॅबवर चुन्याचा पांढरा लेप, पश्चिमेच्या खिडकीवर रुंद छज्जा, समोरासमोर झरोके आणि रस्त्याकडेला कडुनिंब या गोष्टी भूकंपसुरक्षेच्या आड येत नाहीत. महापालिकांनी नकाशा मंजूर करताना त्यांची अट घालावी, आणि नवी वसाहत आखताना भूखंडांच्या संख्येइतकाच वाऱ्याचा व सावलीचाही हिशेब करावा. एकदा उभे राहिलेले घर पुढे पन्नास वर्षे टिकते. त्यातील चूकही तितकीच टिकते.