बोगनव्हिलची शांतता गावांनी आणली. खाणीचा निर्णयही गावांनाच घेऊ द्या

१ सप्टेंबर २०२७. पापुआ न्यू गिनीच्या पूर्व टोकाला असलेल्या बोगनव्हिल या स्वायत्त बेटप्रांताने स्वतंत्र देश होण्यासाठी ही तारीख धरली आहे. आपल्याकडच्या कुंपणांवरची बोगनवेल ज्या फ्रेंच दर्यावर्दीच्या नावाने ओळखली जाते, त्याचेच नाव या बेटालाही मिळाले. लोकवस्ती सुमारे तीन लाख. २०१९ च्या सार्वमतात १,७६,९२८ जणांनी स्वातंत्र्याचा कौल दिला, तर पापुआ न्यू गिनीतच राहून अधिक स्वायत्तता घ्यावी असे म्हणणारे निघाले फक्त ३,०४३. इतका निःसंदिग्ध कौल जगात क्वचितच कुठल्या जनतेने दिला असेल. पण तो बंधनकारक नव्हता. शेवटचा शब्द पापुआ न्यू गिनीची राजधानी पोर्ट मोर्स्बी इथल्या संसदेचा आहे, आणि त्यावरून दोन्ही सरकारांच्या वाटाघाटी वर्षानुवर्षे चालल्या आहेत.

या वाटाघाटींच्या गदारोळात एक प्रश्न दबून गेला आहे. उद्या देश झाला, तर त्याचा गाडा चालणार कशावर? प्रांताचे सरकार आजही मोठ्या प्रमाणात पोर्ट मोर्स्बीच्या अनुदानावर उभे आहे. त्यामुळे प्रांत सरकारचे ठाणे असलेल्या बुकातल्या सत्ताधाऱ्यांची नजर पुन्हा पांगुनाच्या तांबेखाणीकडे वळली आहे. ही घाई धोक्याची आहे, कारण बोगनव्हिलचे युद्ध याच खाणीतून पेटले होते.

पांगुनाची खाण १९७२ मध्ये सुरू झाली आणि जगातल्या मोठ्या उघड्या तांबेखाणींत गणली जाऊ लागली. पापुआ न्यू गिनीच्या निर्यातीतला फार मोठा हिस्सा या एका खड्ड्यातून जात होता. ज्यांच्या जमिनीवर खड्डा पडला, त्यांच्या पदरात मात्र त्यातला नगण्य वाटा आला. एक अब्ज टनांहून अधिक टाकाऊ माती आणि दगडगाळ कावेरोंग आणि जाबा या नद्यांच्या खोऱ्यात गेला. मासे गेले, बागा गाळाखाली गेल्या.

जमीन कोणाची, हा तिथे नाजूक विषय आहे. बोगनव्हिलच्या बहुतेक भागांत जमीन आईकडून मुलीकडे जाते. १९६०च्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या वसाहती प्रशासनाने आणि खाणकंपनीने बोलणी केली ती प्रामुख्याने पुरुषांशी. ऑगस्ट १९६९ मध्ये किनाऱ्यावरच्या रोरोवाना गावाची जमीन बंदरासाठी घेण्याची वेळ आली, तेव्हा गावातल्या बायांनी मोजणीदारांनी रोवलेली खूण उपटून टाकली आणि त्या बुलडोझरपुढे उभ्या राहिल्या. पोलिसांनी अश्रुधूर सोडला, लाठ्या चालवल्या. ऑस्ट्रेलियातल्या वर्तमानपत्रांत त्या बायांची छायाचित्रे छापून आली, देशभर हळहळ झाली आणि खाण ठरल्याप्रमाणे उभी राहिली. त्या दिवशी कुणी त्या मालकिणींशी नीट बोलले असते, तर पुढचे बरेच काही टळले असते असे वाटल्यावाचून राहत नाही.

१९८८ च्या अखेरीस फ्रान्सिस ओना या खाणीतल्याच माजी सर्वेक्षकाच्या नेतृत्वाखाली जमीनमालकांच्या तरुण पिढीने विजेचे मनोरे स्फोटाने उडवले. मे १९८९ मध्ये खाण बंद पडली. मग लष्कर आले, पाठोपाठ १९९० मध्ये बेटाची नाकेबंदी झाली. औषधे बंद, इंधन बंद, शाळा बंद. बंडखोर आणि लष्कर यांच्यातली लढाई लवकरच बोगनव्हिलकर विरुद्ध बोगनव्हिलकर अशी झाली. एकाच घरातला एक भाऊ जंगलात, तर दुसरा सरकारी बाजूच्या प्रतिकार दलात. बळींचा आकडा वादाचा आहे. वीस हजारांपर्यंतचे अंदाज केले जातात, आणि त्यातले पुष्कळ जण गोळीने नाही, साध्या औषधावाचून गेले.

हे थांबवण्याचा नेटाचा प्रयत्न केवळ परराष्ट्र खात्यांवर सोडला गेला नाही. कॅथलिक, युनायटेड, ॲडव्हेंटिस्ट अशा वेगवेगळ्या चर्चच्या बाया एकत्र आल्या. सिस्टर लॉरेन गरासू यांच्यासारख्या जोगिणींनी दोन्ही बाजूंच्या बायांना एका छताखाली बसवले. हेलन हकेना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये बुकात लेइताना नेहान ही महिला संस्था उभी केली. २००१ मध्ये तिला महिलांसाठीचा मिलेनियम शांतता पुरस्कार मिळाला. ऑगस्ट १९९६ मध्ये अरावा शहरात सुमारे ७०० बाया शांततेसाठी जमल्या, तेव्हा लढाई चालूच होती. आया जंगलात चालत जात आणि आपल्या मुलांना परत फिरायला सांगत. कमांडरच्या आईला अडवण्याची हिंमत कोणत्याही पहारेकऱ्यात नव्हती.

जुलै १९९७ मध्ये न्यूझीलंडमधल्या बर्नहॅमच्या लष्करी तळावर पहिली मोठी बोलणी झाली, त्यांत शहाणपण एकच होते: आधी फक्त बोगनव्हिलकर आपसात बोलले. पापुआ न्यू गिनीचे सरकार नंतरच्या फेरीला आले. तोवर घरातली भांडणे घरात मांडून झाली होती. १९९८ मध्ये युद्धबंदी झाली, ३० ऑगस्ट २००१ ला अरावात शांतता करारावर सह्या झाल्या. युद्धबंदीवर लक्ष ठेवायला न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, फिजी, वानुआतूहून आलेले लोक निःशस्त्र होते. हे बोगनव्हिलच्या लोकांनीच मागून घेतले होते आणि त्यांच्या सुरक्षेची हमीही त्यांनीच दिली होती.

शस्त्रे गोळा करण्याची पद्धत तर शाळेत शिकवावी अशी आहे. बंदुका लोखंडी पेट्यांत ठेवल्या, पेटीला दोन कुलुपे. एक किल्ली संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकाकडे, दुसरी तिथल्या लढवय्यांच्या कमांडरकडे. एकट्या कुणालाच पेटी उघडता येत नसे. अशा रीतीने शस्त्रे ठेवल्यानंतर, वेळ देऊन, मगच त्यांचा नाश केला गेला. दरम्यान गावोगाव समेटाचे विधी चालू होते. ज्यांनी एकमेकांची माणसे मारली ते समोरासमोर बसत, सुपारी-चुना एकत्र चघळत, बाण मोडत. डुकरांची आणि शिंपल्यांच्या माळांची देवघेव होई. कबुली सर्वांदेखत द्यावी लागे. या विधींना वर्षे लागली, अजूनही लागत आहेत. दक्षिणेत कोन्नू भागात तर करारानंतरही हाणामाऱ्या चालू राहिल्या आणि २०११ मध्ये स्थानिक समेटानंतरच त्या थांबल्या. जिथे समेट अपुरा राहिला तिथे कागदावरचा करार पुरला नाही, हे इथे स्पष्ट दिसते.

विकासाची गोष्टही याच लोकांच्या हातून घडली. नाकेबंदीत डिझेल मिळेना, तेव्हा बंडखोरांच्या ताब्यातल्या भागात लोकांनी नारळाच्या तेलावर गाड्या चालवल्या आणि खाणीतल्या भंगारातून ओढ्यांवर लहान वीजयंत्रे बसवली. युद्ध संपल्यावर सर्वांत आधी उभा राहिला तो कोको. फळे फोडायची, गर लागलेल्या बिया पेटीत झाकून काही दिवस आंबवायच्या, मग लाकडाच्या आचेवर वाळवायच्या: एका कुटुंबाला जमेल असे हे काम आहे. आज हजारो कुटुंबे त्यावर जगतात आणि अरावात चॉकलेटचा महोत्सवही भरतो. या पैशाला बंदुकीची राखण लागत नाही.

राज्यकारभारातही हाच धडा उतरला. २०१६ च्या कायद्याने गावपातळीवर समुदाय सरकारे आली. प्रत्येक प्रभागातून एक पुरुष आणि एक स्त्री निवडून जाते, आणि अध्यक्षपद एका मुदतीत पुरुषाकडे, तर पुढच्या मुदतीत स्त्रीकडे जाते. विधिमंडळात बायांसाठी तीन आणि माजी लढवय्यांसाठी तीन जागा राखीव आहेत. तीन जागा फार कमी आहेत, आणि घराघरांतली मारहाण युद्धाबरोबर संपली नाही हेही तितकेच खरे. सिस्टर गरासू यांचे नाझारेथ पुनर्वसन केंद्र त्यासाठी आजही झटते आहे. पण स्त्री-पुरुषांना समान जागा देणारी ग्रामव्यवस्था तरी उभी राहिली आहे.

आता खाण. रिओ टिंटोने २०१६ मध्ये खाणकंपनीतला आपला ५३.८ टक्के हिस्सा सोडून दिला आणि साफसफाई न करता काढता पाय घेतला. १५६ रहिवाशांच्या २०२० मधल्या तक्रारीनंतर कंपनी खाणीच्या दुष्परिणामांच्या तपासणीला तयार झाली. डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात धोके नोंदलेले आहेत: खोऱ्यात गाळ अजूनही सरकतो आहे, पुराने बागा आणि पाणी नासते आहे, जुनी बांधकामे ढासळत आहेत. भरपाईची बोलणी चालू आहेत.

अध्यक्ष इश्माएल टोरोआमा हे स्वतः बंडखोरांच्या क्रांतिकारी सेनेचे कमांडर होते, २०२५ मध्ये ते पुन्हा निवडून आले. पैसा लागतो हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण त्यांच्या हाती २०१५ चा खाण कायदा आहे. त्यात खनिजांची मालकी जमीनमालकांची मानली असून त्यांना नकाराधिकार दिला आहे. २०१९ मध्ये हा कायदा बदलून एका परदेशी कंपनीला वाट करून देण्याचा घाट घातला गेला, तेव्हा जमीनमालक आणि महिला संघटनांनी विरोध केला आणि तो बारगळला. २०१७ मध्येही गावातल्या बायांनी पांगुनाकडे जाणारी वाट अडवून खाण पुन्हा सुरू करण्याचा करार रोखला होता.

हा नकाराधिकार स्वातंत्र्याच्या घाईत कुणी हलवू नये. आधी जाबा खोऱ्यातल्या गावांना स्वच्छ पाणी आणि रिओ टिंटोकडून साफसफाईची पैशासकट लेखी हमी मिळावी. त्यानंतर प्रश्न समुदाय सरकारांपुढे जावा, लागतील तितकी वर्षे लागोत. जमिनीच्या मालकिणी त्या बैठकीत निर्णय घेणाऱ्या म्हणून बसाव्यात, आणि त्यांनी नाही म्हटले तर बुकाने कोको, नारळ आणि मासेमारीवरच देशाचा अर्थसंकल्प मांडायला शिकावे.