डब्यावरचा कागद



अमेरिकेत फळांच्या डब्यांवरचे जुने कागद जमवणारे शौकीन आहेत. शिळाप्रेसवर छापलेले रंगीत कागद. टपोरा पीच, मागे डोंगर, कडेने सोनेरी वेलबुट्टी. कापूस-ज्वारीवाल्यांना त्याचे काय, असे कोणी विचारील. त्या कागदावर कारखानदाराचे नाव आहे, व्यापाऱ्याचे आहे. पिकवणाऱ्याचे नाव सहसा नाही.

कॅलिफोर्नियात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस १८ कंपन्यांनी मिळून ‘कॅलिफोर्निया फ्रूट कॅनर्स असोसिएशन’ उभी केली. सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्याजवळ १९०७ साली त्यांनी विटांचा मोठा कारखाना बांधला. पुढे १९१६ साली आणखी एकत्रीकरण झाले आणि ‘डेल मॉन्टे’ हा छाप देशभर गाजवला गेला. हे नाव कुठल्या बागेचे नव्हे. मॉन्टेरेच्या एका बड्या हॉटेलचे ते नाव. आधी कॉफीवर लागले, मग पीचवर!

खरी मेख पुढेच आहे. भरून शिजवलेला डबा कोराच थप्पीला लावायचा, ऑर्डर आली की कागद चिकटवायचा, अशी या धंद्याची रीत. एकाच थप्पीतल्या डब्यांना दोन व्यापाऱ्यांचे दोन कागद लागू शकतात, आणि दुकानात दोन भाव. आत पीच तोच, बागवानाला मिळालेला भावही तोच.

बागवान अडतो कुठे? डब्याच्या पीचचा गर कोयीला घट्ट चिकटलेला आणि टणक, म्हणून तो शिजवून फुटत नाही. पण ताज्या बाजारात त्याला फारसे गिऱ्हाईक नाही. पिकला की थांबत नाही, आणि बाग तर वर्षानुवर्षांचा संसार. आपला कापूस निदान चार महिने घरात रचता येतो. अंगाला खाज सुटते ती वेगळी.

तिथल्या बागवानांनी दोन वाटा धरल्या. १९२०च्या दशकापासून संघ करून हंगामाआधी कारखानदारांशी भाव ठरवू लागले. काहींनी सहकारी कारखाने काढले. त्यातली ‘ट्राय व्हॅली ग्रोअर्स’ ही शेकडो शेतकऱ्यांची संस्था, हाती नावाजलेले छाप, तरी २००० साली दिवाळखोरीत निघाली. जुलै २०२५मध्ये डेल मॉन्टे फूड्सनेही दिवाळखोरीचा अर्ज केला. तेव्हा ‘आपला कारखाना, आपला छाप’ म्हटले की सगळे सुटले, असे सांगणाऱ्या पुढाऱ्याला आधी कर्जाचा आकडा विचारावा, असे आमचे मत आहे. दोन वाटांत पहिली आम्हाला जास्त पटते. तिच्यात शेतकऱ्याची जमीन गहाण पडत नाही.

सॅन फ्रान्सिस्कोचा तो कारखाना १९३७ साली बंद पडला. १९६०च्या दशकात भिंती राखून आत दुकाने काढली.

आपल्या गाठीवरही प्रेसचा मार्का असतो, नंबर असतो. जिल्हा बैठकीला येताना जवळच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये डोकावून, गाठीवर काय काय छापतात ते वहीत उतरवून आणा.