जपून ठेवलेले बूट



आज तुम्हाला माझ्या फसगतीची गोष्ट सांगणार आहे. शिक्षक कधी फसत नाहीत असं तुम्हाला वाटत असेल, तर हे नक्की वाचा!

डी.एड. झाल्यावर शिक्षणसेवक म्हणून पहिलं मानधन हातात आलं, तेव्हा मी बाबांसाठी काळे बूट घ्यायचं ठरवलं. बाबा शेतकरी. उभा जन्म त्यांनी टायरच्या चपलांवर काढला. मी नांदेडच्या एका दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "सर, प्युअर लेदर आहे. डोळे झाकून न्या!" आणि मी खरोखरच डोळे झाकून नेले.

बाबांनी बूट हातात घेतले, उपरण्याने पुसले आणि पुन्हा खोक्यात ठेवले. म्हणाले, "धाकटीच्या लग्नात घालीन." चार वर्षं ते बूट ट्रंकेत कापडात गुंडाळलेले होते.

बहिणीच्या लग्नाच्या दिवशी बाबांनी ते घातले. व्याह्यांना सामोरं जायला निघाले. मांडवातून दहा-बारा पावलं गेले असतील नसतील, तोच एका बुटाचा तळ मागेच राहिला! जमिनीवर शिळ्या भाकरीच्या चुऱ्यासारखे काळे तुकडे पडले होते. दुसऱ्या पायाचीही तीच गत. बाबांनी इकडेतिकडे पाहिलं, बूट काढून खांबामागे ठेवले आणि अनवाणीच पुढे गेले. मला एक शब्द बोलले नाहीत. रात्री एवढंच म्हणाले, "मीच लई दिवस ठुले. चूक माझीच."

पण चूक त्यांची होती का? न वापरलेली वस्तू झिजेल कशी? तुम्हीच सांगा.

हा प्रश्न घेऊन मी आमच्या विष्णुपुरीतल्या एका मोचीमामांकडे गेलो. इथल्या मेडिकल आणि इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांचे बूट त्यांच्याकडे दुरुस्तीला येतात. मामांनी बूट उलटा केला, तळाचा तुकडा बोटांत चुरगाळला आणि म्हणाले, "सर, हा पीयूचा सोल. हा पायात झिजत नाही, पेटीत सडतो."

पेटीत बूट का सडतो?

पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. हलकं, मऊ, बारीक बुडबुड्यांनी भरलेलं प्लास्टिक. चालायला फार सुखाचं! पण हवेतला दमटपणा हळूहळू त्याच्या रेणूंच्या साखळ्या तोडत जातो. विज्ञानात याला जलअपघटन म्हणतात. तुम्ही बूट घाला किंवा नका घालू, हे काम चालूच राहतं. काही वर्षांनी वरून धड दिसणारा तळ पाय ठेवताच भुगा होतो. काही नकली चामड्यांवरही पीयूचाच थर असतो. त्याचे पापुद्रे सुटतात तेही बरेचदा याच कारणाने.

म्हणजे पीयू वाईट का? तसं नाही. रोज वापरायच्या बुटाला तो चांगला. पण दहा वर्षं जपायच्या बुटाला तो कामाचा नाही. हे दुकानदाराने सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

"आणि वरचं चामडं तरी खरं आहे का?" मी विचारलं. मामा हसले. "पुढचा तुकडा खरा. बाकी सगळं रेग्झिन."

मी मामांना म्हणालो, "एक दिवस शाळेत या आणि आमच्या मुलांना हे शिकवा." ते म्हणाले, "नगं सर, दुकान बंद ठुलं की रोज बुडतो." मग काय! शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर माझा चौथीचा वर्गच त्यांच्याकडे गेला.

वर्गात एक मुलगा होता. एरवी बडबड्या, पण त्या दिवशी सगळ्यांच्या मागे उभा. मामा म्हणाले, "आरी दे रे." कोणालाच कळेना आरी कोणती. मागून तो मुलगा पुढे आला आणि त्याने बरोबर आरी उचलून दिली. मग रापी, मग मेण लावलेला दोरा. मामा त्याचे आजोबा होते! "आजोबा काय करतात?" असं मी वर्गात विचारलं होतं, तेव्हा तो "काही नाही" म्हणाला होता. त्या दिवशी मात्र सगळी पोरं त्यालाच विचारत होती, "हे काय रे? ते काय रे?"

मामांनी शिकवलेल्या सहा गोष्टी

आता वही-पेन घ्या आणि लिहून ठेवा.

१. काठ पाहा. बुटाच्या आत किंवा नाडीच्या पट्टीखाली चामड्याचा कापलेला काठ कुठेतरी दिसतो. तिथे बारीक केसाळ तंतू एकमेकांत गुंतलेले दिसले तर ते चामडं. वर गुळगुळीत थर आणि खाली कापडाची वीण दिसली तर ते रेग्झिन.

२. अंगठ्याने दाबा. चांगल्या चामड्यावर बारीक सुरकुत्या पसरतात आणि बोट काढलं की विरतात. छिद्रं सारखीच नसतात, कुठे दाट तर कुठे विरळ. सगळीकडे अगदी एकसारखी नक्षी असेल तर ती यंत्राने उठवलेली असू शकते.

३. उलटा करून खुणा शोधा. युरोपात १९९४ साली ठरलेल्या काही खुणा आपल्याकडच्या बऱ्याच बुटांवरही छापलेल्या असतात. पसरलेल्या कातड्याचा आकार म्हणजे चामडं. त्या आकाराच्या आत चौकट असेल तर वर थर दिलेलं चामडं. नुसती चौकट (पत्त्यांतली चौकट!) म्हणजे इतर पदार्थ. जाळी म्हणजे कापड. वरचा भाग, अस्तर आणि तळ यांच्या खुणा वेगवेगळ्या असतात, हे ध्यानात ठेवा.

४. शिवण खरी की दिखाऊ? पुष्कळ बुटांच्या कडेला टाके दिसतात, पण ते साच्यात उठवलेले असतात. तळ नुसता चिकटवलेला असतो. मामा त्याला "पेस्टिंगचा बूट" म्हणतात. खऱ्या शिवणीत दोरा वेगळा दिसतो आणि नखाला लागतो. काही महागड्या बुटांत तळाच्या कडेने चामड्याची एक पट्टी फिरवलेली असते. तिला वेल्ट म्हणतात. वरचा भाग त्या पट्टीला शिवतात आणि तळ वेगळ्या शिवणीने त्याच पट्टीला शिवतात. त्यामुळे झिजलेला तळ काढून नवा बसवता येतो आणि वरच्या चामड्याला धक्का लागत नाही.

५. आत हात घाला. टाच आणि बोटांची जागा चाचपून पाहा. पाय ठेवायची आतली पट्टी पुठ्ठ्याची असेल तर घामाने लवकर मोडते. बोटाला टोचणारा खिळा किंवा जाड शिवण लागली तर तो बूट तुमचा पाय सोलणार!

६. एक प्रश्न विचारा: "याचा तळ बदलता येईल का?" मामा म्हणाले, "जो बूट उघडता येतो, तोच दुरुस्त होतो. बाकीचा फेकायचाच."

आणि हो, एक गोष्ट करू नका. चामडं जाळून पाहू नका! वासावरही फार विसंबू नका, कारण चामड्याचा वासही नकली लावता येतो.

"जेन्युइन लेदर" म्हणजे काय?

हा शब्द फार फसवा आहे, बरं का! जनावराचं कातडं जाड असतं. भाकरीचा पापुद्रा सुटावा तसे यंत्रावर त्याचे आडवे थर करतात. वरच्या थरात तंतू घट्ट विणलेले असतात, म्हणून तो सर्वांत टिकाऊ. खालच्या थराचे तंतू सैल. त्या खालच्या थरावर रंगाचा किंवा प्लास्टिकचा लेप दिला की तोही चकचकीत दिसतो. दोन्ही चामडंच! म्हणून "हे चामडं आहे का?" एवढंच विचारून भागत नाही. "कोणता थर आहे?" हेही विचारायचं.

चामडं होण्याआधी कातडं कमवावं लागतं, नाहीतर ते कुजतं. आपल्याकडे जुन्या काळापासून बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडं कमावतात. कोल्हापुरी चपलेचं कातडं असंच कमावलेलं असतं आणि पारंपरिक कोल्हापुरीत लोखंडी खिळा नसतो, चामड्याच्या वादीनेच शिवतात. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार असे आठ जिल्हे आहेत.

आता थोडं गणित!

समजा, एक बूट ८०० रुपयांचा आहे आणि ८ महिने टिकतो. दुसरा ३००० रुपयांचा, ५ वर्षं टिकतो, पण मधे दोनदा तळ बदलायला ५००-५०० रुपये लागतात. स्वस्त कोणता?

पहिला : ८०० भागिले ८ महिने, म्हणजे महिन्याला १०० रुपये.

दुसरा : एकूण ४०००, भागिले ६० महिने, म्हणजे महिन्याला सुमारे ६७ रुपये.

"सर, महागच स्वस्त निघाला!" एक मुलगी ओरडली. तेवढ्यात मागून तो मामांचा नातू म्हणाला, "पण सर, ३००० एकदम आणायचे कुठून?"

मुलांनो, हा प्रश्न पुस्तकातल्या कुठल्याही गणितापेक्षा अवघड आहे. ज्याच्याकडे एकदम पैसे नसतात, त्याला स्वस्त बूट पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो आणि शेवटी त्याचेच पैसे जास्त जातात. म्हणून घरी आईबाबांनी कमी किमतीचे बूट आणले तर तोंड वाकडं करू नका. रेग्झिनचा बूट रेग्झिन म्हणून, रेग्झिनच्या भावात विकला तर त्यात काहीच खोटं नाही. रेग्झिन चामडं म्हणून विकलं, तर ते खोटं.

पालकांसाठीही दोन शब्द. बूट घेताना पक्की पावती मागा आणि त्यावर "लेदर" असं लिहून घ्या. फसगत झाली तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आपल्या बाजूने आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. माझ्याकडे पावतीच नव्हती, म्हणून मी काही करू शकलो नाही.

निघताना मी मुलांना एक गोष्ट सांगितली. आपल्या नांदेडला १७०८ साली गुरु गोविंदसिंगांनी ग्रंथसाहिबाला गुरुपद दिलं. त्या ग्रंथात संत रोहिदासांची पदं आहेत आणि संत रोहिदास जोडे शिवत असत. गुरुद्वारात गेलात तर जोडाघरही पाहा. तिथे मोठमोठी माणसं दुसऱ्यांचे जोडे सांभाळायची सेवा करतात. मामांचा नातू ऐकत होता. त्याच्या हातात आजोबांची रापी होती.

पुढच्या वर्षी मी पैसे साठवले आणि बाबांना सोबत घेऊनच दुकानात गेलो. त्यांनी बूट उलटा केला, आत हात घातला आणि दुकानदाराला विचारलं, "याचा तळ बदलता येतो का?" आता बाबा ते बूट आठवडी बाजारालाही घालतात. पावसात भिजले तर चुलीजवळ ठेवत नाहीत, आत वर्तमानपत्राचे बोळे घालून सावलीत वाळवतात. एकदा तळ बदलून झालाय. मामांनीच बदलला.

या आठवड्याचा अभ्यास : घरातले सगळे बूट-चपला उलट्या करा आणि तळावरच्या खुणा शोधा. किती जोडांत चामडं निघालं, ते वहीत लिहा. मग तुमच्या गावातल्या मोचीकाकांना विचारा, "यातला कोणता जोड पुन्हा दुरुस्त होईल?" ते काय म्हणाले, ते मला पत्राने जरूर कळवा.

भेटू पुढच्या आठवड्यात!

तुमचे,
सर