धर्मग्रंथांचे इंग्रजी शब्द : नुसते पाठ करू नका, ओळख करून घ्या



इंग्रजीच्या तासाला काही शब्द नेहमी घाईघाईने उरकले जातात. स्क्रिप्चर, व्हर्स, हिम, साम, गॉस्पेल, पिलग्रिम, सर्मन. फळ्यावर शब्द, समोर मराठी अर्थ, पाच वेळा लिहा, झालं! काही शिक्षक तर बिचकतात. उद्या एखादा पालक म्हणेल, "गुरुजी, हे धर्माचं काय शिकवून राहिले पोरांना?"

माझं मत स्पष्ट आहे. हे शब्द टाळू नयेत आणि नुसते घोकूनही घेऊ नयेत. आपल्या घरातल्या आणि शेजाऱ्याच्या घरातल्या ग्रंथांवरून ते शिकावेत.

आधी घरापासून सुरुवात करू. शेगाव आपल्याच जिल्ह्यात आहे. दासगणू महाराजांच्या 'श्री गजानन विजय' ग्रंथाचे २१ अध्याय आपल्याकडे घरोघरी वाचले जातात. अध्याय म्हणजे चॅप्टर. ओवी, श्लोक यांना इंग्रजीत व्हर्स म्हणतात. आता गंमत बघा. व्हर्स हा शब्द लॅटिनमधल्या 'वळणे' या अर्थाच्या शब्दापासून आला. नांगर तासाच्या टोकाला जातो आणि वळतो, तशी कवितेची ओळ संपते आणि वळते. जळगाव जामोदच्या शेतकऱ्याच्या पोराला हा शब्द यापेक्षा सोपा करून कोण सांगणार?

आता ग्रंथांची नावं घ्या. बायबल म्हणजे मुळात 'पुस्तकं', ग्रीक भाषेतून आलेलं अनेकवचन. कुराण म्हणजे 'पठण'. वेद म्हणजे 'जाणणे'. त्रिपिटक म्हणजे 'तीन टोपल्या'. ग्रंथ म्हणजे 'गुंफलेलं, बांधलेलं'. शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबमध्ये आपल्या संत नामदेवांची ६१ पदं आहेत, हेही लक्षात ठेवा. आणि स्क्रिप्चर? तो लॅटिनमधल्या 'लिहिणे' या क्रियापदाचा नातेवाईक. कोणी लिहिण्यावर भर दिला, कोणी म्हणण्यावर, कोणी जाणण्यावर. पाच-सहा शब्दांत मुलांना केवढं जग दिसतं!

स्पेलिंगकडेही लक्ष द्या. साम लिहिताना सुरुवातीला पी येतो, पण तो बोलायचा नाही. हिमच्या शेवटी एन असतो, तोही मुका. प्रे या उच्चाराचे दोन शब्द आहेत : ए असेल तर प्रार्थना करणे, ई असेल तर भक्ष्य. प्रॉफेट म्हणजे प्रेषित आणि प्रॉफिट म्हणजे नफा. इथे एक अक्षर चुकलं तर अर्थाचा अनर्थ होतो, आणि समोरच्याचं मनही दुखावतं.

दिसायला सारखे शब्द म्हणजे एकाच मुळाचे असंही समजू नका. संत आणि सेंट यांचं स्पेलिंग जवळचं वाटतं. पण आपला संत 'सत्' पासून आला, आणि सेंट लॅटिनमधल्या 'पवित्र' या अर्थाच्या शब्दापासून. सेंट ही पदवी रोमन कॅथलिक चर्च ठरावीक प्रक्रियेनंतर जाहीर करतं. तुकोबांना संत कोणत्या कार्यालयाने ठरवलं? लोकांनीच ना!

म्हणून मी म्हणतो, प्रत्येक शब्दाचं भाषांतर करायचा हट्ट धरू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ मूळ इंग्रजीत आहे. तो त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रकाशित झाला. एवढ्या मोठ्या इंग्रजी पंडिताने शीर्षकात रिलिजन शब्द वापरला नाही, धम्मच ठेवला. रिलिजन आणि धम्म यांत फरक काय, हे त्यांनी ग्रंथातच मांडलं. आपणही इंग्रजीत निबंध लिहिताना वारी, अभंग, पारायण हे शब्द तसेच ठेवावेत आणि पुढच्या वाक्यात त्यांचा अर्थ सांगावा.

आणखी एक गोष्ट आपल्या तालुक्याची. सातपुड्याच्या पायथ्याच्या काही गावांत निहाली भाषा बोलली जाते. जगातल्या कोणत्याही भाषाकुळाशी तिचं नातं सिद्ध झालेलं नाही. डोंगरातल्या आदिवासी समाजांच्या देवाधर्माच्या गोष्टी पोथीत नसतात, त्या तोंडातून कानात जातात. त्या मुलाला वर्गात विचारलं, "तुझ्या धर्माचं स्क्रिप्चर कोणतं?" तर तो गप्प बसेल आणि आपल्याकडे काहीच नाही असं समजेल. त्याला ओरल ट्रॅडिशन, म्हणजे मौखिक परंपरा, हा शब्द द्या. त्याची मान ताठ होईल. एक शब्द हाताशी असणं-नसणं यात एवढा फरक पडतो.

राहिला पालकांचा प्रश्न. संविधानाच्या अनुच्छेद २८ प्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. ते योग्यच आहे. पण शब्दाचा अर्थ सांगणं म्हणजे धर्माची दीक्षा देणं नव्हे. पाठ्यपुस्तकात छापलेली उद्देशिका काढून बघा. तिथे बिलीफ, फेथ आणि वर्शिप असे तीन वेगवेगळे शब्द आहेत. विश्वास, श्रद्धा आणि उपासना. तिघांतला फरक कळल्याशिवाय आपल्याला दिलेलं स्वातंत्र्य तरी कसं कळणार?

आणि हे शब्द देवळा-चर्चपुरतेच राहत नाहीत. रस्त्यावर अपघात झाला की जखमीला मदत करणाऱ्याला कायदा गुड समॅरिटन म्हणतो. हे नाव बायबलमधल्या दृष्टान्तातून आलं. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं, त्यात अशा मदतनिसाला संरक्षण आहे. ही गोष्ट माहीत असलेला मुलगा उद्या रस्त्यावर थांबेल, पळणार नाही.

आता गृहपाठ. वहीत तीन रकाने आखा : इंग्रजी शब्द, त्याचं मूळ, आणि आपल्या गावातलं उदाहरण. रोज फक्त दोन शब्द. तिसरा रकाना भरताना वेगळ्या धर्माच्या मित्राला विचारा, "तुमच्याकडे याला काय म्हणतात रे?" शब्द तर लक्षात राहीलच, आणि मित्राच्या घरची ओळखही होईल.